मोकळ्या जागेतलं नाव

माझा नवरा भुतांना भीत नाही, खरखरीला भीतो. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर आली, खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी आली की त्याचा जीव खालीवर होतो. सुमेध हा 'रहाट' नावाच्या भयमालिकेचा लेखक, निवेदक आणि सर्वेसर्वा. आमच्या नाशिकच्या फ्लॅटमधल्या कपाटात, माझ्या साड्यांच्या गर्दीत मांडी घालून तो हे पॉडकास्ट रेकॉर्ड करतो, कारण साड्या आवाज शोषून घेतात म्हणे. मी नेटवर्क इंजिनिअर आहे. आवाज लोकांच्या कानापर्यंत पोचवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. आवाज पोचवायचा, त्यात काय भरलंय याची उठाठेव करायची नाही, असं माझं साधं धोरण होतं. 'रहाट'ही आमच्याच कंपनीतून जायचं आणि प्रत्येक भागाच्या शेवटी 'तांत्रिक साहाय्य : केतकी' असं सुमेध प्रेमाने म्हणायचा. मी ते ऐकायला कधी थांबले नाही.

गोष्ट अशी : एका गावात एक विहीर. कोणी नसताना तिच्यावरचा रहाट फिरतो. गावातल्याच एका बाईने त्या विहिरीत माणसं ढकलली आहेत. ती बाई अजून जिवंत आहे, चारचौघींसारखी वावरते आहे आणि ती कोण हे फक्त निवेदकाला माहीत आहे. पण तो नाव घेत नाही. सुमेधच्या आईच्या माहेरी, रायगडात, दिवेलागणीनंतर असल्यांचं नाव घ्यायचं नाही अशी पद्धत होती. नावाच्या जागी थांबायचं, ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. सुमेधने ती पद्धत उचलली. "आणि घागर घेऊन आली ती..." असं म्हणून तो थांबायचा. त्या थांबण्यावर लोक जीव टाकायचे.

"नाव काय आहे रे तिचं?" मी एकदा जेवताना विचारलं.

"ठरवलं नाहीये," भाकरी मोडत तो म्हणाला.

तीन वर्षं मालिका चालली होती आणि या माणसाने खुनी कोण ते ठरवलं नव्हतं. तिकडे त्याच्या चाहत्यांनी मात्र ठरवलं होतं. स्वतःला 'रहाटकरी' म्हणवणाऱ्या या मंडळींचा एक चर्चामंच होता. त्यावर विहिरीच्या खोलीवरून, रहाटाच्या फेऱ्यांवरून, सुमेध कुठल्या वाक्याला खोकला यावरून सिद्धांत मांडले जायचे. सुमेधला खरंच सर्दी झाली होती त्या आठवड्यातला खोकलाही एका प्राध्यापकांनी सोडवला होता. मी कपाळाला हात लावायचे आणि सुमेध खूश व्हायचा.

मग सिद्धांतांचा सूर बदलला. चंद्रपूरच्या एकाने लिहिलं की नवीन भागात निवेदकाने नाव घेतलं, स्पष्ट 'सुनंदा' म्हणाला. मालवणच्या एकीने लिहिलं, सुनंदा कुठून आली, तो 'रेश्मा' म्हणाला. बार्शीच्या एकाला 'चंदाकाकू' ऐकू आलं होतं आणि तो फार हादरलेला होता, कारण त्याच्या शेजारी खरोखरच चंदाकाकू राहत होत्या. तीनशे माणसं एकमेकांना बहिरी ठरवत होती. मला वाटलं, झालं, आता पूर्ण डोकी फिरली यांची.

तेवढ्यात वंदनाताईंचा फोन आला.

"हॅलो, भुताच्या गोष्टीवाल्यायचं घर का हे?"

"हो. कोण बोलतंय?"

"मी वंदना काळबांडे बोलून राह्यली. देवळखेडवरून, अकोल्याकडून. तुमच्या यजमानायनं माह्यं नाव काऊन घेतलं?"

मी त्यांना सांगितलं की सुमेध कोणाचंच नाव घेत नाही, लोकांना भास होतात. बाई ऐकून घेत होत्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

"ताई, मी सोता आयकलं," त्या म्हणाल्या. "सरपंचाच्या पुतण्याच्या फोनवर. 'घागर घेऊन आली ती वंदना.' माह्या घराच्या मागं विहीर हाय. मागच्या साली शेजारचं लेकरू तापानं गेलं. तवापासून बाया कुजबुजतच होत्या. आता रेडिओनंच सांगतलं म्हणतात. मी ब्लाऊज शिवतो. एक बाई कापड टाकत नाही आता माह्याकडे. जे टाकले होते ते न शिवताच घेऊन गेल्या."

मी विचारलं, पोलिसांत गेलात का. गेल्या होत्या. ठाण्यातला हवालदार स्वतः रहाटकरी निघाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, तुमचं नाव नाहीच त्याच्यात, त्याच्यात माझ्या सासूचं नाव आहे.

"आता अमावास्येले शेवटचा भाग हाय ना तुमचा," वंदनाताई म्हणाल्या. "मारुतीच्या पारावर भोंगा लावून आयकणार हाय सारं गाव. माह्यं नाव निघालं, का मले गावाबाहेर काढाचं, असं ठरलं हाय. पोरीचं लगन जमून राह्यलं, ताई. मी कुठं जाऊ?"

मी त्यांना म्हटलं, त्या फोनवर वाजलेला भाग दुसऱ्या फोनवर टिपून मला पाठवता येईल का. त्यांच्या मुलीने कसाबसा मिळवून पाठवला. मी आणि सुमेध स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून ऐकत होतो. सुमेधचाच आवाज, सुमेधचाच ठेका. 'आणि घागर घेऊन आली ती वंदना.'

सुमेधचा चेहरा पांढरा पडला. मग तो म्हणाला, "'द'वरचा जोर बघ काय सुंदर आलाय."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय माझा संताप कळणार नाही. इंटरनेटवरून काहीही पाठवायचं म्हणजे त्याचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकावर क्रमांक घालायचा आणि सोडून द्यायचे. तुकडे वाटेल त्या रस्त्याने जातात. पलीकडचं यंत्र ते क्रमाने लावतं आणि 'पोचला, पोचला' अशी पावती देतं. पावती आली नाही तर इकडचं यंत्र तो तुकडा पुन्हा पाठवतं. पत्रव्यवहाराला ही शिस्त उत्तम. पण वाहत्या आवाजाला थांबायला वेळ नसतो. हरवलेला तुकडा परत येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाजासाठी पूर्वी पावतीची भानगडच नसायची. हरवलं ते हरवलं, कानात 'खट्ट' व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी 'पूर्ती' नावाची नवी शिस्त आली. तुकडा हरवला तर ऐकणाऱ्याच्या फोनने तो स्वतःच तयार करायचा. मागचंपुढचं बोलणं बघायचं, बोलणाऱ्याचा आवाज ओळखायचा आणि तिथे काय असणार याचा अंदाज बांधून त्याच आवाजात जागा भरायची. अंदाज चांगला यावा म्हणून फोन स्वतःतलाच मजकूर चाळतो : तुमचे निरोप, तुमचे गट, तुमची माणसं. खेड्यापाड्यांतल्या अशक्त नेटवर्कला ही पूर्ती वरदानच ठरली. आई बोलताना मध्येच तुटायची, ती तुटेनाशी झाली. कंपन्यांनी शपथेवर सांगितलं की तुमचा कुठलाही मजकूर फोनबाहेर जात नाही. ते खरंच होतं. सगळा घोळ फोनच्या आतच झाला.

कारण हरवलेला तुकडा आणि मुद्दाम घेतलेला थांबा यात पूर्ती फरक कशी करते? सोपं आहे. क्रमांक तपासत बसायला तिला वेळ नसतो, ती फक्त ऐकते. माणूस थांबला तरी खोली थांबत नाही. पंखा असतो, श्वास असतो, रस्ता असतो. शांततेलाही बारीक आवाज असतो आणि तो ऐकून फोन समजतो की इथे तुकडा आहे, फक्त त्यात बोलणं नाही. पण आमचे कलावंत. यांना खरखर सहन होत नाही. गेल्या काही भागांपासून हे प्रत्येक थांब्यातला आवाज पुसून तिथे निखळ शून्य ठेवत होते, श्वाससुद्धा काढून टाकत होते. जगातल्या कुठल्याही खोलीत अशी शांतता नसते. फोनला वाटायचं, तुकडा गेला, भरा.

मग फोन शोधायचा : विहीर, रात्र, मरण, बाई, या शब्दांच्या आसपास या फोनमध्ये कोणाचं नाव सर्वांत जास्त येतं? चंद्रपुरात सुनंदा. बार्शीत चंदाकाकू. आणि देवळखेडमधल्या सगळ्या गटांमध्ये, वर्षभराच्या सगळ्या कुजबुजीत, वंदना. गावाने जे दबक्या आवाजात एकमेकांना लिहिलं होतं, तेच माझ्या नवऱ्याच्या घोगऱ्या, भारदस्त आवाजात गावाला परत ऐकू आलं होतं.

मला वाटलं, कारण सापडलं म्हणजे प्रश्न सुटला. अभियांत्रिकीच्या शिक्षणाने माणसाची अशी समजूत होते.

पहिलं काम म्हणून मी सुमेधला कपाटातून बाहेर काढलं आणि बैठकीच्या खोलीत बसवून प्रत्येक थांब्याच्या जागी खोलीचा साधा आवाज टाकायला लावला. तो दात आवळून काम करत होता. जुने सगळे भाग आम्ही बदलून टाकले. दुसऱ्या दिवशी कुठल्याही फोनवर कुठलंच नाव ऐकू येईना. रहाटकऱ्यांनी दुपारपर्यंत निकाल दिला : नाव पुसलं. पुसलं म्हणजे खरं होतं. कोणाचा तरी दबाव आला. देवळखेडात तर जुना भाग आधीच दहा फोनांवर टिपून ठेवलेला होता.

मग मी सुमेधला म्हटलं, मी स्वतः बोलते. एक छोटा खास भाग केला. त्यात तुकडे, क्रमांक, पावत्या, पूर्ती, शून्य शांतता, सगळं मी शाळेत शिकवावं तसं समजावलं. प्रत्येकाला वेगळं नाव ऐकू आलं हेच त्याचं प्रमाण आहे, असंही सांगितलं. माझ्या मते उत्तम झालं होतं. मंचावर त्याला 'केतकी सिद्धांत' असं नाव पडलं आणि सिद्धांतांच्या मतदानात तो सातवा आला. एकाने लिहिलं, मांडणी चांगली आहे पण भावत नाही. त्या खोकलावाल्या प्राध्यापकांनी विचारलं की निवेदकाच्या बायकोला इतकी सारवासारव का करावी लागते.

मी फोन भिंतीवर मारणार होते, सुमेधने काढून घेतला.

"भागच नको काढायला," तो म्हणाला. "मालिका बंद करतो. खरंच करतो, केतकी. मला नको हे."

तो मनापासून म्हणत होता आणि त्याबद्दल मला त्याचं कौतुक वाटलं, पण उपयोग नव्हता. मी वंदनाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भाग आला नाही तर पारावर जुना लावणार आहेत, ठरलंय तसं. जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात मी तीनदा फोन केला. बंदोबस्ताला माणूस देऊ म्हणाले. एक माणूस, आणि तो बहुतेक तोच हवालदार.

"मग मी सरळ सांगतो," सुमेध म्हणाला. "वंदना काळबांडे यांचा या गोष्टीशी काहीही संबंध नाही."

"म्हणजे आतापर्यंत एका गावाने ऐकलेलं नाव सगळ्या महाराष्ट्राला ऐकव. 'संबंध नाही' कोणाच्या लक्षात राहणार आहे? नाव राहील."

जागा मोकळी राहिली की लोक आपल्या मनातलं माणूस तिथे आणून बसवणार, हे मला एव्हाना कळून चुकलं होतं. पूर्ती तर फोनात आता आली, लोकांच्या डोक्यात ती कधीची आहे. जागा भरायलाच हवी होती. खऱ्या, उच्चारलेल्या नावाने, जे प्रत्येक फोनला सारखंच पोचेल आणि ज्याच्या पुढे अंदाज बांधायला काही उरणार नाही.

आम्ही नावं काढायला बसलो. पारू म्हटलं तर महाराष्ट्रात हजारो पारू. आडनाव लावलं तर त्या आडनावाच्या कुठल्या तरी घरावर धाड. कोणाचंच नसलेलं काहीतरी विचित्र नाव ठेवलं तर रहाटकरी ते कोडं समजून सोडवणार आणि सोडवता सोडवता पुन्हा एखाद्या बाईच्या दारात पोचणार. सुमेध एकेक नाव म्हणायचा आणि मला त्या नावाची एकेक बाई डोळ्यांपुढे दिसायची, ब्लाऊज परत नेले जात असताना उंबऱ्यात उभी असलेली.

"माझं घाल," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला?"

"केतकी दाभाडे. पूर्ण नाव घाल. नाशिक घाल. विहीर लहानपणीची म्हण, नंतर लग्न करून शहरात आली म्हण. निवेदकाला नाव माहीत होतं कारण ती त्याच्याच घरात आहे. तुझ्या त्या येड्यांना आवडेल हे."

"आवडेल," तो म्हणाला. लेखक तो, त्याला ते लगेच दिसलं आणि दिसल्याचं त्याला वाईटही वाटलं. "पण तुला त्रास होईल."

"मी बंद दाराच्या सोसायटीत राहते. मला महिन्याला पगार मिळतो. माझं कोणी काय वाकडं करणार आहे?" हे मी फार जोरात म्हटलं, कारण मला भीती वाटत होती.

त्याने तो भाग कपाटात रेकॉर्ड केला. मी बाहेर पलंगावर बसले होते. नावाच्या वाक्याला तो अडला, पुन्हा घेतलं, पुन्हा अडला. मग म्हणाला. गेली बारा वर्षं हा माणूस मला चहासाठी, टॉवेलसाठी, मोज्यांसाठी हाका मारतोय. त्याने माझं नाव असं कधी घेतलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आणि मी स्वतःवरच चिडले.

अमावास्येला संध्याकाळी वंदनाताईंनी फोन चालू ठेवून पदराखाली धरला होता. त्या घरी बसल्या नव्हत्या, पारावर सगळ्यांत पुढे जाऊन बसल्या होत्या. मला भोंगा ऐकू येत होता, लेकरं रडताना ऐकू येत होती आणि त्या नावाच्या वाक्याआधी सगळं गाव गप्प झालेलं ऐकू आलं. मग भोंग्यातून माझं नाव आलं. गाव, आडनाव, सगळं. कोणी तरी म्हातारा म्हणाला, "हे कोन?"

"नाशिकची हाय म्हने," दुसरं कोणी म्हणालं, आणि माणसं उठायला लागली.

मंच दोन दिवस पेटला होता. सगळ्यांनी पहिल्यांदाच एकच नाव ऐकलं होतं, त्यामुळे भांडायला काही उरलं नव्हतं. प्राध्यापकांनी लिहिलं की आपण पहिल्यापासून केतकीच म्हणत होतो. प्रत्येक भागाच्या शेवटी निवेदक तिचं नाव घेऊन सावध करत होता आणि आपल्याला वाटलं आभार मानतोय. या सिद्धांताला पहिला क्रमांक मिळाला.

आमच्या फाटकाशी पोरं येऊन फोटो काढून गेली. कोणी तरी लिंबू ठेवून गेलं, ते मी सुरक्षारक्षकाला सरबताला दिलं. त्याने ते घेतलं आणि मग कचऱ्यात टाकलं, ते मी वरून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या घांगुर्डे बाईंना मी सगळी हकीकत नीट सांगितली. त्या स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहेत, पूर्ती कशी चालते ते त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. त्या हसल्या, "कमाल आहे हं लोकांची," म्हणाल्या. त्यांची मुलगी माझ्याकडे गणिताला यायची. तिला आता वेळ होत नाही. ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची एका नव्या मुलीने, उजेड कमी पडतो म्हणून, दुसरीकडे हलवली. प्रत्येकाकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं, त्यामुळे मला कोणाशी भांडताही येईना. सुमेध रोज विचारायचा, "बरी आहेस ना?" आणि मी रोज त्याच्यावर खेकसायचे.

महिन्याभराने वंदनाताईंचा फोन आला. आवाज मोकळा होता. पोरीचं लग्न पक्कं झालं होतं. कापडं परत यायला लागली होती, ज्यांनी न शिवता नेली होती त्यांचीच. कोणी माफी मागितली नव्हती. नुसतं माप ठेवून गेल्या, म्हणाल्या, चार दिवसांत पाहिजे.

"चांगलं झालं," मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं होतं.

"ताई, एक सांगाचं होतं. इथं तुमाले फार वंगाळ बोलतात. काल माह्या वट्यावर बसून बोलून राह्यल्या होत्या बाया. मले नाही सहन झालं. मी म्हटलं, मी त्या बाईसंगं बोलली हाय, लय भली बाई हाय ते, तिनं माह्यासाठी सोताचं नाव देल्लं."

"मग?"

मागे शिलाई मशीन चालू होतं, बहुतेक मुलगी बसली होती.

"मग काय," वंदनाताई म्हणाल्या. "मलेच म्हनतात, वंदना, तू भोळी हाय. अशा बाया कवा चेहऱ्यावरून वळखू येतात का?"